कणा वाकला, गुन्हेगार कोण?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी लेकीला पांढरा ड्रेस शिवायचा होता. वस्तीतल्या शिलाईवाल्या काकूंनी माप घेतले, टेप काढला आणि पुन्हा माप घेतले. "सरळ उभी राहा की गं," त्या म्हणाल्या. ती सरळच उभी होती. काकूंनी वहीत काहीतरी लिहून ठेवले आणि आम्हाला म्हणाल्या, "ताई, पोरीचा उजवा खांदा वर आहे. त्या बाजूला अर्धा इंच कापड जास्त सोडते, नाही तर घेर एकीकडे उचललेला दिसेल."

आम्ही हसलो आणि विषय तिथेच सोडला. तेव्हा लेक अकरा वर्षांची होती. त्या हसण्यात आमचे पूर्ण एक वर्ष गेले. हा लेख त्या वर्षाचा हिशेब आहे. आम्ही दोघे, तिचे आई-बाप, मिळून तो लिहीत आहोत. तिला वाचून दाखवला आहे. तिच्या सांगण्यावरून चार वाक्ये काढलीही आहेत.

काढायला नको होती अशी एक गोष्ट तिने राहू दिली, ती आधी सांगतो. आमच्यापैकी जो सभांमध्ये बोलतो, त्याच्या भाषणात 'ताठ कणा' हा शब्द दर दहा मिनिटांनी येतो. वाकलेला कणा म्हणजे लाचारी, ताठ कणा म्हणजे स्वाभिमान. टाळ्या ठरलेल्या. एक्स-रे झाल्यानंतरच्या रात्री लेकीने विचारले, "पप्पा, वाकलेल्या कण्याचा माणूस लाचार असतो असं तुम्ही स्टेजवर म्हणता. मग मी काय?" त्या रात्री उत्तर देता आले नाही. आज जे देता येते ते थोडे लांब आहे, आणि त्यात बरेचसे यंत्रशास्त्र आहे.

त्या वाया गेलेल्या वर्षात आम्ही काय केले? आम्ही गुन्हेगार शोधत होतो. चळवळीतल्या माणसाची ही सवयच असते. कुठे काही वाकडे दिसले की ते कुणी वाकवले हे आधी विचारायचे. पहिला संशय दप्तरावर. सात-आठ किलोचे दप्तर एका खांद्यावर घेऊन ती जात असे, म्हणून शिक्षणव्यवस्थेला दोष दिला. एका सभेत त्यावर बोलूनही झाले. दुसरा संशय मोबाईलवर. तिसरा खुद्द लेकीवर. "ताठ बस", "खांदे मागे घे", "पोक काढू नकोस" हे शब्द त्या वर्षात किती वेळा उच्चारले याचा हिशेब नाही. जेवताना, अभ्यासाला बसताना, पाहुण्यांसमोरसुद्धा. ती ताठ बसायची, आम्ही वळलो की पुन्हा तशीच. आम्हाला वाटायचे, पोरगी ऐकत नाही.

मधे एका दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी मानेपासून कमरेपर्यंत मणक्यांच्या टोकांवरून बोट फिरवले, "फार काही नाही, पोश्चर आहे" म्हणाले आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्या बोटाविषयी पुढे सांगायचे आहे.

खरे काय ते पाहिले आजीने. मे महिन्याच्या सुट्टीत लेक आजोळी गेली होती. अंगणात बादलीवर वाकून केस धूत होती आणि आजी पाणी ओतत होती. आजीने तांब्या खाली ठेवला आणि आम्हाला फोन लावला. "पोरीची पाठ एका बाजूनं सुपासारखी वर आलीय. उद्याच्या उद्या घेऊन जा." लंडनचे सर्जन विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८६५ साली नेमकी हीच गोष्ट लिहून ठेवली होती. मूल उभे असताना जे लपते, ते कमरेतून पुढे वाकवले की उघडे पडते. जगभर आजही पहिली तपासणी तीच आहे, आणि अ‍ॅडम्सच्याच नावाने ती ओळखली जाते. आजीला अ‍ॅडम्स ठाऊक नव्हता. तिने फक्त पाठ पाहिली.

सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर पेन्सिलने दोन रेघा मारल्या. बाकाच्या वरच्या टोकाला सर्वात जास्त कललेला मणका असतो, त्याच्या माथ्यालगत एक. खालच्या टोकाला उलट बाजूला सर्वात जास्त कललेला, त्याच्या बुडालगत दुसरी. या दोन रेघांमधला कोन मोजायचा. अमेरिकेतल्या जॉन कॉब यांनी १९४८ साली ही रीत मांडली, म्हणून त्याला कॉब कोन म्हणतात. दहा अंशांच्या आतल्या बाकाला या आजाराचे नावही देत नाहीत. वाढ शिल्लक असताना २५ ते ४० अंश असेल तर ब्रेस, आणि ४५-५० च्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार. आमच्या लेकीचा कोन निघाला ३१. आजाराचे नाव स्कोलिओसिस. तिच्या वयात येतो त्या प्रकाराला पुढे 'इडिओपॅथिक' हा शब्द लावतात. ग्रीक शब्द भारदस्त आहे, अर्थ मात्र सरळ आहे: कारण ठाऊक नाही.

दर शंभर किशोरवयीन मुलांत दोन-तीन जणांना हा बाक असतो. लहान बाक मुलींत आणि मुलग्यांत जवळपास सारखाच सापडतो. पण ३० अंशांच्या पुढे गेलेले बाक पाहिले तर एका मुलामागे दहाच्या आसपास मुली असतात. एकाच घरात तो पुन्हा पुन्हा आढळतो, म्हणजे जनुकांचा हात आहे, पण कुणा एका जनुकाचा नव्हे. सुरुवात कशाने होते हे पक्के सांगता येत नसले, तरी सुरू झाल्यावर तो कसा वाढतो हे बऱ्यापैकी सांगता येते. आमचा सगळा गोंधळ इथेच झाला. 'कुणामुळे' विचारत राहिलो, 'कसे' विचारलेच नाही.

वाचकांनी घरातली प्लास्टिकची पातळ फूटपट्टी घ्यावी. टेबलावर उभी धरावी आणि वरून बोटाने दाबावी. थोड्या दाबापर्यंत ती सरळ राहते. मग एका क्षणी अचानक एका बाजूला फुगते. फुगली की वरचे वजन मधल्या भागाच्या थेट वर राहत नाही, बाजूला पडते. जितके बाजूला, तितका वाकवणारा जोर जास्त. जितका जोर जास्त, तितकी पट्टी आणखी बाजूला. वजन तेच, पण त्याची करणी वाढत जाते. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात याचे गणित मांडले. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच जाडीच्या खांबाची लांबी दुप्पट केली, तर तो चौथ्या हिश्शाच्या वजनालाच फुगतो. ज्या वर्षात मुलगी कपड्यांच्या मापातून भराभर बाहेर पडते, त्याच वर्षात तिचा कणाही लांबत असतो, आणि बाक वाढण्याचा सर्वात मोठा धोका त्याच वर्षांत असतो.

कण्याची मुळातली ताकद किती? लुकास आणि ब्रेस्लर या दोघांनी १९६१ साली स्नायू काढून टाकलेला, फक्त हाडे, चकत्या आणि अस्थिबंध असलेला पाठ-कमरेचा कणा उभा करून वरून दाब दिला. दोन किलोच्या आसपास वजनालाच तो फुगला. माणसाचे नुसते डोके चार-पाच किलोचे असते. म्हणजे हाडांचा कणा एकट्याच्या बळावर आपले डोकेसुद्धा पेलू शकत नाही. त्याला उभे ठेवतात ते सभोवतालचे स्नायू, मांडवाच्या खांबाला चारी बाजूंनी ताण दिलेले असतात तसे. 'ताठ कणा' म्हणून जे मिरवतो, ती एकट्या कण्याची मिरास नाही. भाषणातल्या ताठ कण्याला आमच्याकडून पहिली खोट इथे बसली.

दुसरी खोट याहून मोठी. निरोगी कणा मागून सरळ दिसतो, पण बाजूने पाहिला तर तो सरळ नसतोच. मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत पुन्हा आत, अशी त्याची नागमोड असते आणि ती असायलाच हवी. छातीतल्या स्कोलिओसिसमध्ये अनेकदा काय होते? बाजूने पाहिल्यावर पाठीचा जो नैसर्गिक फुगवटा दिसायला हवा, तोच सपाट झालेला असतो. म्हणजे ज्या दिशेने आम्ही वर्षभर "ताठ बस" म्हणत होतो, त्या दिशेने ती गरजेपेक्षा जास्तच ताठ होती. पोक बाजूने दिसते, बाक मागून दिसतो. आम्ही एका दिशेतल्या दुखण्यावर दुसऱ्या दिशेचा उपदेश देत होतो, आणि पोरगी तो ऐकून घेत होती.

आता तीच फूटपट्टी हातात धरून थोडी धनुष्यासारखी वाकवावी, आणि वाकवलेली असतानाच तिचा मधला भाग कडेच्या दिशेने ढकलून पाहावा. ती सरळपणे कडेला जात नाही, पिळवटते. एका दिशेत आधीच बाक असलेली लवचीक पट्टी दुसऱ्या दिशेत वाकवली की ती स्वतःभोवती फिरते. कणा आधीच बाजूच्या दिशेत नागमोडी आहे. म्हणून तो डावी-उजवीकडे वाकला की पिळतोही. एक्स-रे सपाट असतो, त्यात बाक दिसतो, पीळ चटकन दिसत नाही. पण पोरीच्या पाठीवर सुपासारखे जे वर आले होते, तो पीळच होता. मणके फिरले की त्यांना जोडलेल्या बरगड्याही फिरतात. फुगीर बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या पुढे. खांद्याचे पाते वर येते, खांदा वर दिसतो, ड्रेसचा घेर अर्धा इंच उचलला जातो. शिलाईवाल्या काकूंनी टेपने मोजले ते हेच.

आणि त्या पहिल्या डॉक्टरांचे बोट? पाठीत हाताला लागतात ती मणक्यांची मागची टोके. मणका फिरतो तेव्हा त्याचा पुढचा जाड भाग फुगीर बाजूकडे जातो आणि मागचे टोक आतल्या बाजूकडे, म्हणजे मधल्या रेषेच्या जवळ येते. परिणामी बोटाला लागणारी रांग खऱ्या बाकापेक्षा पुष्कळ सरळ लागते. बोट फसते. तिला पुढे वाकायला सांगितले असते तर एका मिनिटात कळले असते. त्यांच्यावर राग आहे का? होता. पण आम्ही तिच्याच घरात राहत होतो आणि आम्हालाही दिसले नव्हते. अकरा-बारा वर्षांच्या मुलीची उघडी पाठ घरात कोण पाहते? ती स्वतः न्हाते, स्वतः कपडे घालते. लाज शिकवायला आम्ही पहिले.

पीळ फिरायला सुरुवात का होते, यावर नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या संशोधकांचे काम आम्हाला फार पटले. माणूस दोन पायांवर पूर्ण सरळ उभा राहतो, त्यामुळे त्याच्या पाठीच्या खालच्या भागातले काही मणके किंचित मागे रेललेले असतात. मागे रेललेल्या मणक्यावरचा भार त्याला मागे सरकवू पाहतो. मागचे सांधे मग एकमेकांत घट्ट बसत नाहीत, आणि त्या जागी कणा फिरण्याला कमी विरोध करतो. शिवाय निरोगी माणसाचा कणाही थोडा फिरलेलाच असतो. छातीच्या भागात तो बहुधा उजवीकडे असतो, आणि ज्यांच्या शरीरात हृदय-यकृत जन्मतः उलट बाजूंना असतात त्यांच्यात तो फेराही उलटा सापडतो. छातीतला बाक बहुतेकांना उजवीकडेच का होतो, याचा धागा इथे मिळतो. चार पायांच्या प्राण्यांत हा आजार आपसूक जवळजवळ दिसत नाही. ताठ उभे राहण्याचीच ही किंमत असावी.

आता वेळेचा मुद्दा, ज्यासाठी खरे तर हा लेख आहे. मणक्याच्या वर आणि खाली वाढीचा कोवळा थर असतो. ह्यूटर आणि फोल्कमान या दोन जर्मन सर्जननी एकोणिसाव्या शतकात एक नियम सांगितला: वाढत्या हाडावर दाब जास्त पडला की त्याची वाढ मंदावते, दाब कमी झाला की वेगावते. बाकाच्या आतल्या बाजूला दाब जास्त, म्हणून तिथे वाढ कमी. बाहेरच्या बाजूला दाब कमी, म्हणून तिथे वाढ जास्त. चकत्या आणि मणके हळूहळू पाचरीच्या आकाराचे होतात. पाचरी एकावर एक रचल्या की बाक वाढतो, बाक वाढला की दाबातला फरक वाढतो, आणि फरक वाढला की पाचर आणखी तिरकी होते. हे चक्र चालते ते वाढीच्या इंधनावर. वाढ थांबली की ३० अंशांच्या आतला बाक सहसा तिथेच थांबतो. ५० च्या पुढचा मात्र मोठेपणीही दर वर्षी अंशभर सरकत राहू शकतो, आणि छातीतला बाक फारच मोठा झाला तर फुप्फुसांना जागा अपुरी पडते.

म्हणून अकरा ते बारा हे वर्ष साधे वर्ष नव्हते. ते सर्वात महाग वर्ष होते, आणि ते आम्ही दप्तराला शिव्या देण्यात घालवले. दप्तराने स्कोलिओसिस होतो याला पुरावा नाही. दप्तर खांद्यावर असताना कणा कलतो, उतरवले की परत येतो; पाठ दुखू शकते, तो प्रश्न वेगळा आणि खरा आहे. आमच्या घरातच पुरावा होता. आजीने उमेदीची वर्षे वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहिल्या. तिची पाठ दुखते, गुडघे गेले आहेत, आता म्हातारपणाचे पोक आहे. पण मागून पाहिले तर तिचा कणा सरळ रेषेत आहे. तिच्यावर लादलेल्या ओझ्याचा अन्याय सिद्ध करायला नातीच्या पाठीची साक्ष लागत नाही. आम्ही ती खोटी साक्ष देऊ पाहत होतो. सभेत जे बोललो ते चूक होते, हे इथे लिहून ठेवतो.

आम्ही दप्तराच्या मागे होतो, तर नातेवाईक दुसऱ्याच गुन्हेगाराच्या मागे. "पोटात असताना ग्रहणात काही चिरलं होतंस का?" हा प्रश्न आमच्यातल्या आईला तीन वेगवेगळ्या बायकांनी विचारला. त्यातल्या दोघींच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. तिसरीने मागच्या जन्मीचे काढले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्मावर या जन्मीचे दुःख ढकलण्याची कल्पना फेटाळली, हे आम्ही इतरांना नेहमी समजावून सांगतो. पण ग्रहणाचा प्रश्न आला तेव्हा आमच्यातल्या आईने त्या रात्री खरोखर आठवून पाहिले, ग्रहण होते का, आणि त्या दिवशी स्वयंपाक केला होता का. इतका तो विचार खोल गेलेला असतो.

वाकडे शरीर दिसले की त्याच्यामागे पाप शोधायचे, ही खोड फक्त आपली नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड शेक्सपिअरने कुबडा खलनायक म्हणून रंगवला, मनाचा वाकडेपणा शरीरावर उतरलेला. २०१२ साली लेस्टरमध्ये एका पार्किंगच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. कुबड नव्हतेच, होता किशोरवयात आलेला स्कोलिओसिस. नीट शिवलेल्या कपड्यांत तो फारसा दिसलाही नसता. आपल्याकडे भागवतात कुब्जेची गोष्ट आहे. तीन ठिकाणी वाकलेल्या त्या बाईचे चवडे कृष्णाने आपल्या पायाखाली दाबले, हनुवटीखाली दोन बोटे लावली आणि तिला वर उचलून सरळ केले. श्रद्धेचे राहू द्या, पण यंत्रशास्त्राच्या डोळ्याने पाहिले तर हा लांबीच्या दिशेने दिलेला ताण आहे. मोठ्या बाकासाठी ही कल्पना चुकीची नाही. कपडे वाळत घालायची दोरी फार सैल असेल तर दोन्ही टोके ओढून ती लवकर सरळ होते. जवळजवळ ताठ असेल तर टोके कितीही ओढा, फरक पडत नाही, मधे एक बोट मात्र तिला सहज हलवते. कण्याचेही तसेच आहे. साधारण ५३ अंशांच्या पुढे ओढणे जास्त परिणामकारक, त्याच्या आत बाजूने ढकलणे. फार मोठ्या बाकाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी काही आठवडे डोक्याला कडे लावून ताण देतात, तो याच तत्त्वावर. गोष्टीत सांगितलेले नाही ते इतकेच की ताण सोडला की कणा परत येतो. त्याला धरून ठेवायला धातूच्या सळ्या लागतात, किंवा वाढत्या वयात रोजचे अनेक तास लागतात.

आमच्या वाट्याला तास आले. कृत्रिम अवयव केंद्रात लेकीच्या धडाचा प्लास्टरचा साचा घेतला आणि त्यावरून कडक प्लास्टिकचा ब्रेस झाला. त्याचे तत्त्व तीन बिंदूंचे: बाकाच्या फुगीर टोकाशी एक गादी आत ढकलते, आणि उलट बाजूने वर एक व खाली एक असे दोन आधार तिला अडवतात. ज्या बाजूला शरीर सरकावे असे वाटते तिथे ब्रेसमध्ये मुद्दाम पोकळी ठेवलेली असते; ती नसेल तर सगळा नुसता आवळपट्टा. ब्रेस हाड सरळ करत नाही. तो फक्त भार बदलतो. आतल्या बाजूवरचा दाब कमी करतो आणि पुढचे काम वाढीवर सोपवतो. ज्या नियमाने बाक वाढत होता, तोच नियम उलट्या दिशेने वापरायचा.

हे चालते का? अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वाढ संपेपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला तर यश असे धरले होते. ब्रेस घातलेल्यांत १०० पैकी ७२ जणांना यश आले, न घातलेल्यांत ४८ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. ब्रेसमध्ये तापमान मोजणारे यंत्र बसवले होते, त्यामुळे कुणी खरोखर किती तास घातला हे लपत नव्हते. रोज सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांवर गेले. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: ४८ जण ब्रेसशिवायही वाचले. आमची लेक त्यांच्यातली आहे की नाही, हे आधी सांगणारे यंत्र नाही. नागपूरच्या उन्हात कडक प्लास्टिक अंगावर घालून झोपणाऱ्या मुलीला हे सांगणे सोपे नाही. आम्ही सांगितले. तिने विचारले, "म्हणजे कदाचित फुकटच घालतेय?" आम्ही म्हणालो, "हो, कदाचित." ती म्हणाली, "मग खोटं बोलला नाहीत एवढं तरी झालं."

तिला अठरा तास सांगितले आहेत. आतून सुती बनियन, ती दिवसातून तीनदा बदलायची. शाळेच्या बाकावर ब्रेस टेकतो, म्हणून ती पुढे सरकून बसते. खाली पडलेली पेन्सिल उचलायला तिला गुडघ्यातून बसावे लागते. कवायतीला शिक्षकांनी तिला बाजूला बसवले होते. आम्ही जाऊन सांगितले की ब्रेस काढून तिने खेळायचेच आहे, स्नायू मजबूत राहायला हवेत, तेव्हा परवानगी मिळाली. ब्रेसचा खर्च आमच्या तीन महिन्यांच्या घरभाड्याएवढा झाला, आणि ती वाढली की दुसरा करावा लागेल.

आता चळवळीच्या मित्रांशी दोन शब्द. इतका खटाटोप करून बाकाचा कुणी गुन्हेगार सापडला नाही, पण उशीर झाला तो का झाला, हे विचारता येते. हाँगकाँगमध्ये १९९५ पासून शाळकरी मुलांच्या पाठी तपासतात. जपानमध्येही शाळेत तपासणी होते. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासण्या होतात, जन्मजात वाकडे पाऊल त्यात आहे, फाटलेला ओठ आहे. किशोरवयातल्या बाकाला त्या मूळ यादीत वेगळी जागा नाही. शाळेतल्या तपासणीविरुद्धही युक्तिवाद आहे. प्रतिबंधक तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१८ साली म्हटले की फायदा-तोटा ठरवायला पुरावा अपुरा आहे. विनाकारण एक्स-रे होतात, विनाकारण भीती पसरते. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पण तो ज्या समाजात मांडला गेला तिथे मुलाला नेहमी पाहणारा डॉक्टर असण्याची शक्यता तरी जास्त आहे. आमच्या वस्तीत शिलाईवाल्या काकू आहेत.

म्हणून जुलैपासून महिन्याच्या एका रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत पडदा लावून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. आत फक्त बायका. दहा ते चौदा वयाची मुलगी पाय जोडून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात जुळवून पुढे वाकते. मागून तिची आई पाहते, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. फरक वाटला तर मोबाईलमधल्या कोनमापकाने मोजतो, आणि सात अंशांच्या आसपास किंवा जास्त असेल तरच दवाखान्यात पाठवतो. हा पाठीच्या उताराचा कोन, एक्स-रेतला कॉब कोन वेगळा, हे प्रत्येक आईला दोनदा सांगावे लागते. आतापर्यंत दोघींना एक्स-रेला पाठवले. एकीचे काही निघाले नाही. दुसरीचा १४ अंश निघाला. तिला फक्त दर काही महिन्यांनी पाहायचे आहे. तिची आई आम्हाला बाहेर गाठून हळूच विचारत होती, "दप्तरामुळे झालं असेल का हो?" आम्ही फूटपट्टी काढली.

लेकीचा सहा महिन्यांनंतरचा एक्स-रे गेल्या महिन्यात झाला, आदल्या दिवसापासून ब्रेस काढून ठेवून. कोन ३२. आमचे चेहरे पाहून डॉक्टर म्हणाले, मोजणाऱ्याच्या हातातच तीन ते पाच अंशांचा फरक पडतो, ३१ आणि ३२ एकच समजा. ती या काळात चार सेंटिमीटर वाढली आहे. कमरेच्या हाडाच्या कडेवरून वाढ किती उरली हे पाहतात. त्यावरून अजून दीड-दोन वर्षे ब्रेस चालेल.

भाषणातला 'ताठ कणा' अजून पूर्ण सुटलेला नाही, मागच्या सभेत एकदा तोंडून गेलाच. लेक पहिल्या रांगेत होती. तिने नुसती भुवई उंचावली.

पुढच्या १४ एप्रिलचा ड्रेस या वेळी आधीच टाकला. काकूंनी विचारले, माप ब्रेसवरून घेऊ की ब्रेस काढून? लेक म्हणाली, "ब्रेसवरून. मिरवणूक चार तासांची असते, तेवढे तास कशाला सोडू." काकूंनी उजवी बाजू मापली, लिहिली. मग डावी वेगळी मापली, वेगळी लिहिली.